गंज, जतन आणि जीर्णोद्धार

१९५७ हे साल लोखंडाच्या इतिहासात कोणी वेगळे काढून सांगत नाही. तरीही त्या एका वर्षात जगाच्या तीन टोकांना लोखंडाच्या तीन गोष्टी सुरू झाल्या, आणि पुढे अर्धशतकानंतर त्यांचे धागे एकमेकांच्या जवळ आले. कुम्हारीच्या पश्चिमेला, काही मैलांवर, भिलाईच्या माळावर सोव्हिएत सहकार्याने पोलादाचा कारखाना उभा राहत होता. करार १९५५ मध्ये झाला होता, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू व्हायची होती. त्याच १९५७ च्या आरंभी भारत सरकारने ब्रिटनकडून एक अर्धवट बांधलेली विमानवाहू नौका विकत घेतली. तीच पुढे ‘विक्रान्त’ झाली. आणि त्याच वर्षीच्या १५ जून रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा या शहरात लोकांनी वाजतगाजत एक कोरी करकरीत मोटार जमिनीत पुरली.

ती मोटार पुरण्याचे कारण महोत्सव हेच होते. ओक्लाहोमा राज्याची स्थापना १९०७ सालची, म्हणजे ते त्या राज्याचे सुवर्णमहोत्सवी वर्ष. पन्नास वर्षांनी येणाऱ्या नातवंडांना आपल्या काळाची खूण द्यावी, असे टल्साच्या उत्सव समितीला वाटले. अशा वेळी लोक ताम्रपट पुरतात, कोनशिला बसवतात, स्मरणिका काढतात. टल्साकरांनी मोटार निवडली. १९५७ ची प्लिमथ बेल्व्हेडियर ही सोनेरी आणि पांढऱ्या रंगाची, मागे माशाच्या कल्ल्यांसारखे पंख उभारलेली गाडी त्यांच्या डोळ्यांना भविष्याचेच चित्र वाटत होती. न्यायालयाच्या इमारतीसमोरच्या हिरवळीत सिमेंटचा खोल हौद बांधला गेला. अणुबॉम्ब पडला तरी तो टिकेल, असे सांगितले जात होते. ते दिवसच तसे होते. गाडीवर संरक्षक लेप देऊन ती गुंडाळली गेली. सोबत पेट्रोल आणि तेलाचे डबे ठेवले गेले, कारण २००७ साली पेट्रोल वापरात असेल की नाही, याची खात्री कोणाला नव्हती. शेजारी एका हवाबंद पोलादी कुपीत कागदपत्रे आणि ध्वज ठेवले. शिवाय एक पैज होती: २००७ मध्ये टल्साची लोकसंख्या किती असेल, याचा सर्वांत जवळचा अंदाज करणाऱ्याला ही गाडी मिळायची होती.

१४ जून २००७ रोजी क्रेनने ती वर काढली गेली. दुसऱ्या दिवशी सभागृहात हजारो माणसे जमली होती. गाडी सुरू करून दाखवण्यासाठी नामांकित मोटारतज्ज्ञ बोलावला होता. हौदात मात्र कित्येक वर्षे भुईतले पाणी झिरपून साचले होते. आवरण काढल्यावर दिसले ते सोनेरीही नव्हते आणि पांढरेही नव्हते. गाडीचा आकार शाबूत होता, पण रंगाच्या जागी चिखल व गंज यांचा तपकिरी थर होता. आतली बैठक कुजून विरघळली होती आणि चाके रुतली होती. इंजिन सुरू होण्याचा प्रश्नच उरला नव्हता. पैज जिंकणारा गृहस्थ १९७९ मध्येच निवर्तला होता. गाडी त्याच्या वृद्ध बहिणींच्या वाट्याला आली. जोडीला ठेवलेली पोलादी कुपी उघडली, तेव्हा तिच्यातले कागद आणि ध्वज जवळजवळ जसेच्या तसे निघाले. एकाच हौदात, त्याच पाण्यात, पन्नास वर्षे. फरक इतकाच होता की कुपीचा सांधा डाग देऊन पक्का बंद केलेला होता, आणि मोटारीवर नुसते आवरण होते.

त्या वर्षीच्या प्लिमथ गाड्या उघड्यावर असतानाही लवकर गंजत, अशी त्यांची अपकीर्ती होती. पण पाण्यात बुडालेली कोणती गाडी टिकली असती, हा प्रश्नच आहे. लोखंडाला ऑक्सिजन आणि ओलावा दोन्ही मिळाले की ते पुन्हा ऑक्साइडच्या रूपाकडे वळते, आणि त्याच रूपात ते खाणीतून वर आलेले असते. दल्ली-राजहऱ्याच्या तांबड्या डोंगरांतून जे हेमेटाइट भिलाईच्या भट्टीत जाते, तेही लोखंड आणि ऑक्सिजन यांचेच संयुग आहे. कोक जाळून, प्रचंड उष्णता खर्चून भट्टीत त्यातला ऑक्सिजन काढून घेतला जातो. गंज म्हणजे हा सारा व्यवहार उलट दिशेने, सावकाश आणि फुकट होणे. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. त्यामुळे तो फुगतो, पापुद्रे सुटतात, आणि खालचे कोरे लोखंड पुन्हा हवेला उघडे पडते. तांब्यावर येणारे हिरवट कीट तांब्याचे रक्षण करते. लोखंडाचा गंज लोखंडाला असे अभय देत नाही. पुलाच्या जाड तुळईला हे सोसवते. मोटारीच्या अंगाचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. तिथे गंज वरचा थर खाऊन थांबत नाही, तो पत्राच संपवतो.

म्हणून वाईट गंजलेल्या जुन्या गाडीपुढे उभे राहणाऱ्या माणसाला ‘ती कशी दुरुस्त करावी’ यापेक्षा अवघड प्रश्न पडतो: जे उरले आहे त्यातले किती ठेवावे? टल्साची गाडी पुढे न्यू जर्सीतील एका गंज-निवारण करणाऱ्या कारखान्यात गेली. तिथे वरचा गंज महिनोन्‌महिने खपून काढला गेला, तेव्हा जागोजाग मूळ रंगाच्या छटा पुन्हा दिसू लागल्या. पण सांगाडा इतका पोकळ झाला होता की गाडी पुन्हा चालती करायची तर जवळजवळ सारे नवे घालावे लागले असते. मग ते कोणी केले नाही. २०१७ मध्ये ती इलिनॉय राज्यातल्या रॉस्को गावच्या एका मोटार-संग्रहालयात पोहोचली, आणि तिथे ती न चालणारी, न रंगवलेली अशी उभी करण्यात आली.

या निर्णयाला मोटारींच्या जन्माच्या आधीचा इतिहास आहे, आणि तो इमारतींचा आहे. मराठी माणसाला जुन्या वास्तूबाबत सुचणारा पहिला शब्द ‘जीर्णोद्धार’ हा आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये काशीला विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले, वेरूळचे घृष्णेश्वर बांधून काढले. त्यांच्या कार्याचे वर्णन याच शब्दाने होते. त्या परंपरेत जुना दगड महत्त्वाचा असला तरी देवाची पूजा अखंड चालणे त्याहून महत्त्वाचे असते. भग्न मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, तिचे विसर्जन करून नवी प्रतिष्ठापना करतात. वास्तू चालती राहिली म्हणजे ती जगली, असा हा विचार आहे, आणि तो उथळ नाही.

एकोणिसाव्या शतकात युरोपात याच्या विरुद्ध टोकाचा विचार पुढे आला. फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्युक हा वास्तुविशारद पडझड झालेली चर्चे आणि तटबंद्या पूर्ववत करत होता, आणि कधी कधी पूर्वी नव्हत्या इतक्या परिपूर्ण करत होता. इंग्लंडमध्ये जॉन रस्किनला यात इतिहासाचा नाश दिसत होता: ज्या दगडावर पाचशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचा हात फिरला, तो काढून नवा बसवला की ती इमारत तीच असल्याचा केवळ बहाणा उरतो, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या विचाराने भारलेल्या विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्थाच काढली. ‘उद्धार’ नको, ‘जतन’ हवे. गळती थांबवा, भिंतीला टेकू द्या, पण जुन्याच्या जागी त्याची नक्कल बसवू नका, असा तिचा आग्रह होता. भारतातील पुरातत्त्व विभागाच्या कामावर याच विचाराची छाप आहे.

कुम्हारीच्या लोकांना हे समजण्यासाठी दूर जावे लागत नाही. चरोद्याजवळच्या देवबलोदाच्या शिवमंदिरात महाशिवरात्रीला गेलेल्या प्रत्येकाने ते पाहिलेले आहे. कलचुरी काळातील या मंदिराला शिखर नाही. ते बांधताना अपुरे राहिले, असे लोककथा सांगते. कारागीर आणि त्याची बहीण यांची, कुंडात उडी घेण्याची ती कथा त्या भागात सर्वांना ठाऊक आहे. मंदिर पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे, आणि विभागाने त्यावर नवे शिखर चढवलेले नाही. ते कसे असते हे कोणी निश्चित सांगू शकत नाही. जे असावे असे वाटते ते बांधणे म्हणजे मंदिराच्या नावावर आपली कल्पना खपवणे झाले असते. १९६४ च्या व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय सनदेनेही हीच सीमारेषा आखली: जिथे पुरावा संपून तर्क सुरू होतो, तिथे पुनर्बांधणीने थांबावे. पूजा मात्र आजही होते, मेळा भरतो. तेव्हा जतन आणि चालतेपणा यांचे वैर अटळ आहे, असेही नाही.

मोटारींच्या जगात हा विचार फार उशिरा आला. अनेक दशके जुन्या गाडीचा मान तिच्या झळाळीवर ठरत असे. स्पर्धेत उतरणाऱ्या गाड्या कारखान्यातून निघताना होत्या त्याहूनही गुळगुळीत असत. बोनेटखालच्या नळ्यासुद्धा चमकवलेल्या असत, आणि त्या प्रक्रियेत मूळ रंग, मूळ कातडे, कामगाराने पत्र्यावर खडूने लिहिलेला आकडा, सारे खरवडून जात असे. हळूहळू संग्राहकांच्या लक्षात आले की पुन्हा रंगवता येणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत, न रंगवलेल्या मात्र दर वर्षी कमी होत आहेत. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या प्रतिष्ठित मेळाव्यांत जतन केलेल्या, म्हणजे जुनाच रंग आणि जुनीच बैठक राखलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग सुरू झाला. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने व्हेनिसचा आदर्श समोर ठेवून ‘तुरीनची सनद’ स्वीकारली, आणि जतन, दुरुस्ती व पुनर्स्थापना हे वेगवेगळे शब्द आहेत, हे मोटारवाल्यांनाही सांगितले.

त्या बदलाचे सर्वांत ठळक उदाहरण स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरच्या माज्जोरे सरोवरातून आले. जकात न भरल्यामुळे सरोवरात बुडवलेली १९२५ ची बुगाटी गाडी सात दशकांहून अधिक काळ तळाशी होती. ती २००९ मध्ये वर काढली गेली. एका बाजूचा पत्रा जवळजवळ नाहीसा झाला होता. २०१० च्या आरंभी पॅरिसच्या लिलावात तिला अडीच लाख युरोंहून अधिक किंमत आली, आणि विकत घेणाऱ्याने ती दुरुस्त न करता कॅलिफोर्नियातील आपल्या संग्रहालयात तशीच मांडली. अशा अवशेषाला एवढे पैसे देणारा माणूस वेडा ठरवणे सोपे आहे. पण ती गाडी सजवली असती, तर तिच्यासारख्या दुसऱ्या बुगाटींत एकीची भर पडली असती. सरोवर तिच्यातून निघून गेले असते.

याउलट आपल्या देशात एका गाडीबाबत दुसरा निर्णय झाला, आणि तोही समजून घेण्यासारखा आहे. १६ आणि १७ जानेवारी १९४१ च्या मधल्या रात्री सुभाषचंद्र बोस कलकत्त्याच्या एल्गिन रस्त्यावरील घरातून इंग्रजांचा पहारा चुकवून निघाले, ते एका जर्मन बनावटीच्या वाँडरर गाडीतून. गाडी त्यांचा पुतण्या शिशिरकुमार बोस चालवत होता. धनबादजवळ एक दिवस काढून ते गोमोहला पोहोचले आणि तिथून नेताजींनी कालका मेल पकडली. ती गाडी कुटुंबाने सांभाळली आणि त्या घरातल्या संग्रहालयात ठेवली. वाँडरर ज्या समूहाचा भाग होती त्यातूनच ऑडीचा वारसा आला. त्या कंपनीच्या साहाय्याने गाडी पूर्ववत करण्यात आली आणि १८ जानेवारी २०१७ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी तिचे अनावरण केले. या गाडीचे मोल तिने त्या रात्री केलेल्या प्रवासात आहे. लहान मूल तिच्यापुढे उभे राहते तेव्हा त्याला दरवाजा, आसन, चाक दिसावे, ही गाडी धावली होती असे वाटावे, ही अपेक्षा रास्त आहे. तरी एक प्रश्न इथेही सुटत नाही. पूर्ववत म्हणजे कोणत्या वेळेसारखे? १९३७ साली कारखान्यातून आलेली गाडी आणि जानेवारी १९४१ मध्ये रस्त्याची धूळ अंगावर घेऊन गोमोहला उभी राहिलेली गाडी एकच नव्हे, आणि इतिहास घडवला तो दुसरीने.

प्रसिद्ध गाड्यांची ही चर्चा सामान्य घरापासून वाटते तितकी लांब नाही. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी मुंबईत कुर्ल्याला मोटारींचा कारखाना काढला. तिथून १९४७ पासून आधी अमेरिकन डॉज आणि प्लिमथ, म्हणजे टल्साच्या त्या गाडीची भावंडे, आणि मग इटालियन फियाट बाहेर पडू लागल्या. याच फियाटची पुढची पिढी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. भिलाई, दुर्ग, रायपूरच्या परिसरात नोकरीनिमित्त विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांत कोणाकडे ही फियाट होती, कोणाकडे अँबॅसिडर, बहुतेकांकडे स्कूटर. वडील निवर्तले, मुले पुण्या-बंगळुरूला गेली, आणि गाडी अंगणात निंबाखाली ताडपत्री टाकून उभी राहिली, हे चित्र फारसे अनोळखी नसावे. ताडपत्री टाकणारा हात मायेचाच असतो. पण ती हवा अडवते आणि जमिनीतून उठणारी वाफ आत कोंडून ठेवते. छत्तीसगढच्या चार पावसाळ्यांत अशी झाकलेली गाडी, उघड्या शेडमध्ये कोरड्या सुती कापडाखाली उभ्या असलेल्या गाडीपेक्षा अधिक गंजते. टल्साचा सिमेंटी हौद ही एक मोठी ताडपत्रीच होती.

मग सुट्टीत आलेला मुलगा गॅरेजमध्ये जातो. गॅरेजचा अनुभवी डेंटर ठोकून पाहतो आणि पत्रा सडला असल्याचे सांगतो. त्याच्या सल्ल्याला तोड नाही, कारण गाडी रस्त्यावर आणायची तर सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडणे, लांबी भरणे, वर रेड ऑक्साइडचा हात आणि मग रंग, हाच मार्ग आहे. गमतीची गोष्ट अशी, की गंजाला थोपवणारा तो तांबडा प्रायमर स्वतः लोखंडाचाच ऑक्साइड असतो, अंगणातल्या गेरूचा आणि राजहऱ्याच्या मातीचा सख्खा भाऊ. पण गाडी रस्त्यावर आणायची नसेल, केवळ टिकवायची असेल, तर कृती निराळी होते. सुटा गंज मऊ ब्रशने काढतात. घट्ट बसलेल्या गंजावर टॅनिक आम्लाचे द्रावण लावतात, त्याने गंजाचे काळसर, स्थिर संयुग बनते. जुन्या काळी हिरड्यापासून, छत्तीसगढीत ज्याला हर्रा म्हणतात त्यापासून, लोखंडाच्या योगाने काळी शाई करत, त्यामागेही हीच क्रिया होती. वरून मेणाचा पातळ लेप देतात आणि गाडी कोरड्या खोलीत ठेवतात. पहिल्या मार्गाने गाडी मिळते आणि तिच्यावरच्या खुणा जातात. दुसऱ्या मार्गाने खुणा राहतात, पण तिच्यात बसून कोणाला फिरता येत नाही. दोन्ही मार्गांनी काहीतरी गमवावे लागतेच, आणि गाडी जितकी जास्त गंजलेली तितकी ही किंमत जास्त. थोड्या गंजलेल्या गाडीला दोन्ही साधता येते. अति गंजलेल्या गाडीत पत्रा बदलत गेले की शेवटी उरतो तो नोंदणीचा क्रमांक.

कायद्यालाही या पेचात हात घालावा लागला आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी वा चारचाकी, जर मूळ रूपात राखलेली असेल आणि तिच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसेल, तरच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. आणि ती रोजच्या वापरासाठी नव्हे, तर प्रदर्शन, मेळावा, संशोधन अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. नियम काटेकोरपणे वाचला, तर अति उत्साहाने ‘नवी कोरी’ केलेली गाडी मूळ रूपाच्या कसोटीवर अडखळू शकते. एकोणिसाव्या शतकातला रस्किन परिवहन खात्याच्या नियमपुस्तकात डोकावतो आहे, असे म्हणायला हरकत नाही. म्हणून मेस्त्रीचा हातोडा पडण्याआधी गाडीचे सर्व बाजूंनी छायाचित्र घेणे, इंजिन आणि सांगाड्याचे क्रमांक टिपणे, जुने नोंदणीपुस्तक जपणे आणि काढलेला प्रत्येक तुकडा चिठ्ठी लावून ठेवणे शहाणपणाचे असते. काय बदलले हे लिहून ठेवलेली दुरुस्ती प्रामाणिक राहते.

आता १९५७ मधली तिसरी गोष्ट. ब्रिटिश नौदलाची ‘हर्क्युलिस’ ही नौका महायुद्ध संपताना पाण्यात उतरली होती, पण अर्धवटच पडून राहिली होती. भारताने ती घेऊन बेलफास्टला पूर्ण करवली, आणि ४ मार्च १९६१ रोजी ‘विक्रान्त’ या नावाने ती नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिच्या एका बॉयलरला तडे गेलेले होते. तरी ती बंगालच्या उपसागरात उतरली, आणि तिच्यावरून उडालेल्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले चढवले. पुढे तिच्या धावपट्टीच्या टोकाला नव्या विमानांसाठी वर वळणारा उतार बसवण्यात आला. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली आणि मुंबईच्या बंदरात संग्रहालय म्हणून उभी राहिली. पोरे-बाळे घेऊन मुंबईचे लोक ती पाहायला जात.

विक्रान्तच्या बाबतीत जतन की जीर्णोद्धार, हा वाद खरे तर कधी झालाच नाही. १९७१ ची सरळ धावपट्टी परत करायची की १९९७ ची वळलेली ठेवायची, इतके सूक्ष्म प्रश्न विचारण्याची वेळच आली नाही. सुमारे २१३ मीटर लांबीचे पोलादी शरीर खाऱ्या पाण्यात उभे होते आणि त्याच्यासाठी कायमची कोरडी जागा, कायमचा निधी आणि कायमचा पालक ठरत नव्हता. विशाखापट्टणमला ‘कुरसुरा’ ही पाणबुडी २००२ मध्ये किनाऱ्यावर वाळूत ओढून घेतली गेली आणि ती आजही पाहता येते. विक्रान्त पाण्यातच राहिली. चर्चा होत राहिल्या, वर्षे जात राहिली, आणि गंज चर्चेची वाट पाहत नाही. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने ती लोकांसाठी बंद झाली. २०१४ च्या आरंभी सुमारे ६० कोटी रुपयांना भंगार म्हणून विकली गेली. ती वाचवण्यासाठी याचिका झाल्या, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, निकाल विरुद्ध लागला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईच्या दारुखान्यात तिच्यावर गॅसकटर चालू लागले. ज्यांना ती रंगवून हवी होती आणि ज्यांना ती जशी आहे तशी हवी होती, त्या दोघांच्याही हातून ती गेली.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीन येथे नवी ‘विक्रान्त’ नौदलात दाखल झाली. तिच्यासाठी लागलेले सुमारे ३०,००० टन खास युद्धनौकेच्या दर्जाचे पोलाद भारतीय पोलाद प्राधिकरणाच्या भिलाई, बोकारो आणि राउरकेला या कारखान्यांनी पुरवले. त्यातले काही पोलाद ज्या हातांखालून गेले, ते हात भिलाई-कुम्हारीच्याच घरांतले होते. नावाचा जीर्णोद्धार झाला, असे म्हणता येईल. जुन्या नौकेचे पोलाद मात्र तिच्यात नाही. ते दारुखान्यातून निघाले, वितळले, आणि त्यातले काही पुण्याच्या बजाज कंपनीने विकत घेतले. २०१६ मध्ये आलेल्या तिच्या ‘व्ही १५’ या मोटारसायकलीच्या पेट्रोलच्या टाकीच्या घडणीत ते वापरले गेले. त्या मोटारसायकली भिलाई आणि रायपूरच्या रस्त्यांवरही धावल्या. आजचा नियम तसाच राहिला, तर त्यांतल्या ज्या टिकतील त्या २०६६ नंतर ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतील, अर्थात टाकी मूळचीच असेल तर. त्याच्या अठरा वर्षे आधी, २०४८ मध्ये, टल्सात आणखी एक मोटार बाहेर निघायची आहे. १९९८ साली, पहिली गाडी अजून पाण्यात उभी असतानाच, शहराच्या शताब्दीनिमित्त तिथल्या लोकांनी दुसरी प्लिमथ बंद करून ठेवली. या वेळी त्यांनी कोठडी जमिनीच्या वर बांधली.